सर्पगंधेपासून आजच्या गोळीपर्यंत : रक्तदाबावरील औषधाच्या सुरक्षित सेवनाचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : सेनगाव तालुका, जि. हिंगोली)

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास लिहिताना नवीन औषध कोणी शोधले, कधी शोधले आणि त्याला कोणता सन्मान मिळाला, याची नोंद आवर्जून घेतली जाते. मात्र ते औषध रुग्णाच्या हाती पडल्यानंतर त्याने ते कसे घेतले, किती घेतले आणि का सोडून दिले, याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. उच्च रक्तदाबाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. हा विकार बहुतेक वेळा दुखत नाही. ताप आला की अंग सांगते, दात दुखला की झोप उडते; वाढलेला रक्तदाब मात्र वर्षानुवर्षे गुपचूप राहतो आणि अर्धांगवायू, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार या रूपाने एकदम प्रकट होतो. म्हणूनच दुखत नसताना रोज घ्यावी लागणारी गोळी ही वैद्यकाच्या इतिहासातील एक नवीच गोष्ट ठरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष व २१ टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला आहे अथवा तो नियंत्रणात ठेवण्यासाठी ते औषध घेत आहेत. हा विकार केवळ शहरी व सुखवस्तू माणसांचा आहे, हा समज आता टिकणारा नाही. सेनगावसारख्या शेतीप्रधान तालुक्यात सोयाबीन, तूर, कापूस व हळद पिकविणाऱ्या कुटुंबांतही ‘बीपीची गोळी’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. गोळी पोहोचली, परंतु ती सुरक्षितपणे घेण्याची रीत तितक्याच प्रमाणात पोहोचली काय, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा मूळ प्रश्न होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) रक्तदाबावरील औषधोपचाराच्या विकासात महाराष्ट्राचे व भारताचे योगदान समजून घेणे.
२) औषधसुरक्षेसंबंधीचे कायदे व व्यवस्था कशा निर्माण झाल्या याचा मागोवा घेणे.
३) या इतिहासातून सुरक्षित औषधसेवनाची कोणती सूत्रे हाती लागतात ते शोधणे.
४) सेनगाव तालुक्यासारख्या ग्रामीण भागाच्या संदर्भात या सूत्रांचे महत्त्व स्पष्ट करणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

‘औषधाची सुरक्षितता केवळ औषधात नसून मोजमाप, योग्य मात्रा, नोंद आणि सातत्य यांत असते’ हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध झालेल्या द्वितीयक साधनांचा आधार घेतला आहे. हा निबंध वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, ही त्याची मर्यादा आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

१. वनस्पतीची ओळख : सर्पगंधा

रक्तदाबावरील आधुनिक औषधांचा इतिहास भारतीय मातीतील एका लहान झुडपापासून सुरू होतो. सर्पगंधा ही ती वनस्पती. मराठीत तिला अडकई असेही म्हणतात, तर युनानी वैद्यकात ती असरोल या नावाने परिचित आहे. सर्पदंश, निद्रानाश, उन्माद अशा अनेक विकारांवर तिच्या मुळीचा वापर देशाच्या निरनिराळ्या भागांत परंपरेने होत आला. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातील सर्पविषावरील मुळ्यांच्या वर्णनात सर्पगंधेचा समावेश असल्याचे अभ्यासक मानतात.

परंपरेला या मुळीचा गुण ठाऊक होता. परंतु रक्तदाब ही कल्पना मात्र ठाऊक नव्हती, कारण तो मोजण्याचे साधनच नव्हते. इटलीतील रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा गुंडाळून दाब मोजण्याचे उपकरण १८९६ मध्ये मांडले आणि रशियातील कोरोटकॉफ यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने नाडीचे आवाज ऐकून वरचा व खालचा दाब ठरविण्याची रीत सांगितली. या दोन गोष्टींनंतरच ‘दाब कमी करणारे औषध’ या शब्दांना अर्थ प्राप्त झाला. साधन आधी आले व औषधाची परीक्षा नंतर झाली, हा क्रम या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

१९३१ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरते. त्या वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा ही उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील औषध असल्याचे प्रतिपादन करणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी या मुळीतून काही क्षारद्रव्ये वेगळी केली व त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ असे नाव दिले. पुढे १९३३ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्ता स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये तिच्या गुणधर्मांची प्रयोगशाळेत तपासणी केली. आयुर्वेद, युनानी व आधुनिक औषधशास्त्र या तिन्ही धारांचे अभ्यासक एकाच मुळीभोवती एकत्र आलेले येथे दिसून येतात.

२. सेवाग्राममधील नोंदी

महाराष्ट्राच्या संदर्भात या काळातील एक उदाहरण उल्लेखनीय आहे. महात्मा गांधी हे उच्च रक्तदाबाचे रुग्ण होते. त्यांच्या आरोग्यविषयक नोंदी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार २६ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचा रक्तदाब १९४/१३०, तर १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० इतका होता. १९३६ पासून गांधीजींचे वास्तव्य मुख्यतः वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे होते. निसर्गोपचारावर त्यांची श्रद्धा सर्वश्रुत आहे. तरीही रक्तदाबासाठी ते सर्पगंधेचे थेंब घेत असत, असे त्यांच्या पत्रव्यवहारावरून समजते.

या उदाहरणाचे महत्त्व दोन कारणांसाठी आहे. एक म्हणजे आज अत्यंत धोकादायक मानले जाणारे हे आकडे त्या काळी देशातील सर्वांत अधिक काळजी घेतल्या जाणाऱ्या माणसाचे होते; यावरून तेव्हाच्या उपचारांच्या मर्यादा लक्षात येतात. दुसरे म्हणजे हे आकडे तारखेसह लिहून ठेवले गेले, म्हणूनच ऐंशी वर्षांनंतर ते आपल्याला वाचता येतात. आजच्या रुग्णाच्या दृष्टीनेही औषधासोबतची ही नोंद तितकीच मोलाची आहे.

३. डॉ. रुस्तम जाल वकील यांचे कार्य

सर्पगंधेला जागतिक मान्यता मिळवून देण्याचे श्रेय मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील (१९११-१९७४) यांच्याकडे जाते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाने उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेच्या परिणामांचा अभ्यास करून तो १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. रक्तदाबावरील भारतीय औषधाचा इतका पद्धतशीर अभ्यास पाश्चात्त्य वैद्यकविश्वासमोर प्रथमच येत होता.

डॉ. वकील यांनी सर्पगंधेचा शोध लावला असे कधीकधी म्हटले जाते. ते यथार्थ नाही. वनस्पती प्राचीन होती, तिच्या गोळ्या बाजारात मिळत होत्या आणि अनेक डॉक्टर त्या देतही होते. डॉ. वकील यांचे खरे योगदान असे की, ‘गुण येतो’ या सर्वसाधारण अनुभवाच्या जागी त्यांनी आकडा ठेवला. औषध देण्यापूर्वीचा दाब, काही आठवड्यांनंतरचा दाब आणि रुग्णाला जाणवलेले अनिष्ट परिणाम यांची त्यांनी व्यवस्थित नोंद केली. औषधाचा परिणाम हळूहळू होतो, एका दिवसात चमत्कार दिसत नाही, ही गोष्टही अशा नोंदींमुळेच स्पष्ट झाली. या कार्यासाठी त्यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला व १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

डॉ. वकील यांच्या निबंधामुळे बोस्टन येथील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत सर्पगंधेचा वापर सुरू केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून ‘रेसर्पिन’ हे क्रियाशील द्रव्य वेगळे केले. मुळीच्या चूर्णात द्रव्याचे प्रमाण कमीअधिक असते. रेसर्पिनच्या गोळीत मात्र ते मिलिग्रॅमच्या अंशापर्यंत ठरविता येऊ लागले. तेव्हापासून सर्पगंधा ही मुळी न राहता कारखान्यात तयार होणारी गोळी झाली.

४. गुणांबरोबर दोषांचा शोध

औषध प्रभावी आहे हे सिद्ध होताच त्याचे धोकेही उघड होऊ लागले. नाक चोंदणे, सुस्ती येणे, नाडी मंद होणे हे परिणाम लवकरच लक्षात आले. त्यापेक्षा गंभीर बाब अशी की, १९५४ मध्ये अमेरिकेतील डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये मानसिक उदासीनता निर्माण होत असल्याचे निदर्शनास आणले. पूर्वी उन्मादाच्या रुग्णाला शांत करणारी हीच मुळी शांत माणसाला खिन्न करू शकते, हे सत्य समोर आले. पुढील काळात मात्रा बरीच कमी करण्यात आली व पूर्वी उदासीनतेचा विकार झालेल्या रुग्णांना हे औषध न देण्याचा दंडक रूढ झाला. औषध तेच राहिले. बदलली ती मात्रा आणि ते कोणाला द्यावे याविषयीची समज.

१९७४ मध्ये रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे सांगणारे तीन अभ्यास ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एकाच वेळी प्रसिद्ध झाले व मोठी खळबळ उडाली. नंतरच्या अधिक काटेकोर अभ्यासांतून या निष्कर्षाला पुष्टी मिळाली नाही. तथापि तोवर अनेक रुग्णांचा व डॉक्टरांचा विश्वास डळमळला होता. एखादी बातमी ऐकून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे किती अविचाराचे ठरू शकते, याचे हे जुने उदाहरण होय. याचीच आधुनिक आवृत्ती २०१८ मध्ये पाहावयास मिळाली. रक्तदाबावरील वल्सार्टन या औषधाच्या काही साठ्यांत अपायकारक अशुद्ध द्रव्य आढळल्याने अनेक देशांत ते परत मागविण्यात आले. त्या वेळीही औषध नियंत्रकांनी रुग्णांना हेच सांगितले की, पर्यायी औषध हाती येईपर्यंत गोळी एकाएकी बंद करू नये. कारण उपचार थांबविण्याचा धोका तात्काळ व मोठा असतो.

५. नियमित सेवनाचा पुरावा

दाब कमी केल्याने आयुष्य खरोखर वाचते काय, हा प्रश्न १९६० च्या दशकापर्यंत वादग्रस्त होता. त्याचे निर्णायक उत्तर पूर्वोक्त डॉ. फ्रीस यांच्याच नेतृत्वाखालील अमेरिकी माजी सैनिक रुग्णालयांच्या संयुक्त अभ्यासाने दिले. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचा समावेश होता. त्यांपैकी ७३ जणांना औषध व ७० जणांना औषधविरहित गोळी देण्यात आली. औषधविरहित गटात २७ गंभीर घटना घडल्या, तर औषध घेणाऱ्या गटात केवळ २. या उपचारात मूत्रल औषध व हायड्रालझिन यांच्या जोडीला सर्पगंधेपासून मिळालेले रेसर्पिनही होते, ही बाब भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परंतु या अभ्यासातील एक तपशील त्याहून बोधप्रद आहे. मुख्य चाचणी सुरू करण्यापूर्वी संशोधकांनी इच्छुक रुग्णांना रिबोफ्लेविन, म्हणजे ‘ब’ गटातील एक जीवनसत्त्व, मिसळलेल्या गोळ्या दिल्या. हे द्रव्य लघवीत उतरते व विशिष्ट प्रकाशात चमकते. लघवी तपासून आणि उरलेल्या गोळ्या मोजून जे रुग्ण नियमित गोळी घेत नव्हते, त्यांना अभ्यासातून वगळण्यात आले. याचा अर्थ असा की, रक्तदाबावरील औषधाचा जो लाभ जगासमोर सिद्ध झाला, तो नियमितपणे गोळी घेणाऱ्यांच्या बाबतीत सिद्ध झाला. अधूनमधून गोळी घेणाऱ्याला हा पुरावा कोणतीही हमी देत नाही.

यानंतरच्या काळात औषधांचे पर्याय झपाट्याने वाढले. क्लोरोथायझाइड हे मूत्रल १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेच होते; प्रोप्रॅनोलॉल हे १९६० च्या दशकात आले. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषावरील संशोधनातून विकसित झालेल्या कॅप्टोप्रिलला १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९० च्या दशकापासून अम्लोडिपिन व पुढे लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे प्रचलित झाली. दिवसातून एकदा घ्यावयाच्या या गोळ्यांनी रेसर्पिन जवळजवळ मागे पडले.

६. चिठ्ठीचा कायदा व त्यामागील विचार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून परदेशी व देशी औषधांचा व्यापार वाढला तसा भेसळीचा प्रश्नही वाढला. त्याच्या चौकशीसाठी सरकारने १९३० मध्ये औषध चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते कर्नल रामनाथ चोप्रा, म्हणजेच सर्पगंधेची प्रयोगशाळेत परीक्षा करणारे शास्त्रज्ञ. औषधाचे गुण तपासणारा आणि औषधविक्रीवर बंधने सुचविणारा माणूस एकच असावा, हा योगायोग नव्हे. जे द्रव्य परिणाम करते ते अपायही करू शकते, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्याइतके कोणाला कळणार? या समितीच्या शिफारशींमधूनच पुढे औषध कायदा, १९४०, त्याखालील १९४५ चे नियम व औषधनिर्माणशास्त्र कायदा, १९४८ यांची उभारणी झाली.

औषध नियमांतील ‘अनुसूची एच’ मध्ये समाविष्ट औषधे केवळ नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतात. अशा औषधाच्या वेष्टनावर ‘आरएक्स’ हे चिन्ह व तशी सूचना छापलेली असते. सामान्य ग्राहकाला हे बंधन अडचणीचे वाटते. परंतु त्यामागचा हेतू रुग्णाचे वय, मूत्रपिंडाची स्थिती, गर्भावस्था व इतर औषधे पाहूनच गोळी ठरावी, असा आहे.

कायदा कागदावर असून भागत नाही, हे महाराष्ट्राने १९८६ मध्ये फार मोठी किंमत देऊन अनुभवले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले व त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला. या प्रकरणाने औषध नियंत्रण यंत्रणेतील त्रुटींकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले. पुढे २०१० मध्ये औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर केवळ डॉक्टरच नव्हे, तर रुग्णही आपली तक्रार नोंदवू शकतो, ही माहिती ग्रामीण भागात पोहोचणे अगत्याचे आहे.

७. सेनगाव परिसर : ऐतिहासिक पार्श्वभूमी

सेनगावचा परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात मोडत होता. १९४० चा औषध कायदा ब्रिटिश हिंदुस्थानसाठी होता; त्यामुळे देशातील औषधविषयक कायद्यांचे छत्र या भागावर संस्थानाच्या विलीनीकरणानंतरच आले. संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता, तर खेड्यापाड्यांत वैद्य, हकीम व घरगुती मुळ्या-पाल्यांवरच भिस्त असे. आधुनिक वैद्यकीय शिक्षणाची सोयही मराठवाड्यात उशिरा झाली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये, अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये व नांदेड येथे १९८८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये स्थापन झाली. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला व सेनगाव हा त्याच्या पाच तालुक्यांपैकी एक झाला. जिल्ह्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२४ हे वर्ष उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या एका डॉक्टराने १९४९ मध्ये ज्या उपचाराची नोंद केली, तो उपचार आणि मराठवाड्यातील शेतकरी यांच्यामध्ये अनेक दशकांचे अंतर होते, हे स्पष्ट होते. औषधाच्या दुकानांमुळे गोळी पोहोचली. परंतु गोळीबरोबर यावयाचे मोजमाप व पाठपुरावा हे मात्र मागे राहिले.

ग्रामीण जीवनाची रचनाही येथे विचारात घ्यावी लागते. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी आलेला माणूस जुनी रिकामी पट्टी दाखवून गोळ्या घेतो व वर्षभर दाब न मोजता तीच मात्रा चालू ठेवतो. पेरणी व सुगीच्या धांदलीत गोळी संपली तरी कामाच्या ओढीने आणण्याचे राहून जाते. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी पाच-सहा महिने स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या बाबतीत तर उपचाराची साखळीच तुटते. ‘आता बरे वाटते, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. दुखणे थांबले की औषध थांबवावे, हा पिढ्यानपिढ्यांचा अनुभवच त्यामागे आहे. या एका विकाराच्या बाबतीत मात्र तो अनुभव दिशाभूल करतो.

८. इतिहासातून हाती येणारी सुरक्षित सेवनाची सूत्रे

उपरोक्त विवेचनातून पुढील सूत्रे निष्पन्न होतात.

अ) मोजमाप : एकाच मोजणीवरून औषध ठरत नाही व औषध चालू असताना मोजणे थांबत नाही. दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा, तंबाखू वा बिडी घेऊ नये, पाठ टेकलेली व दंड हृदयाच्या पातळीवर असावा. आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा.

आ) मात्रा : डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये. एखाद्या दिवशी गोळी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. एकच औषध निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी मिळते. दोन ठिकाणच्या चिठ्ठ्यांमुळे तेच औषध दुप्पट घेतले जाण्याचा धोका असतो. म्हणून पट्टीवरील मूळ औषधाचे नाव व मिलिग्रॅम पाहण्याची सवय लावावी आणि प्रत्येक डॉक्टरला सर्व पट्ट्या दाखवाव्यात.

इ) सातत्य : दाब नियंत्रणात आला तो गोळीमुळे, हे लक्षात ठेवून ती चालू ठेवावी. क्लोनिडिन, प्रोप्रॅनोलॉल यांसारखी काही औषधे एकाएकी थांबविल्यास दाब उसळतो किंवा हृदयावर ताण येतो. गावाबाहेर कामाला जाताना पुरेशा गोळ्या व चिठ्ठी सोबत न्यावी.

ई) मिश्रण : अंगदुखीवर दुकानातून घेतल्या जाणाऱ्या अनेक वेदनाशामक गोळ्या दाब वाढवितात व काही औषधांच्या जोडीने मूत्रपिंडाला इजा करू शकतात. सर्दीवरील काही गोळ्यांनीही दाब वाढतो. ज्येष्ठमधाच्या दीर्घ व अतिरिक्त सेवनाने दाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. सर्पगंधायुक्त गोळ्या ‘झाडपाल्याच्या’ म्हणून निरुपद्रवी समजून आधुनिक गोळीबरोबर घेणे हे तर प्रस्तुत इतिहासाकडे पाठ फिरविण्यासारखे आहे. कारण त्या मुळीतील द्रव्य हे एक प्रबळ औषधच आहे. आयुर्वेदिक उपचार चालू असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नयेत.

उ) विशेष परिस्थिती : एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारखी औषधे गर्भाला अपायकारक असल्याने गर्भवतीने व गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने तसे डॉक्टरांना त्वरित सांगावे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात शेतात काम करताना, जुलाब-उलट्या होत असताना किंवा निर्जळी उपवासात शरीरातील पाणी कमी होते. अशा वेळी मूत्रल व वरील प्रकारच्या औषधांबाबत डॉक्टरांना लगेच विचारावे. सुरुवातीच्या दिवसांत बसल्या जागेवरून एकदम उठू नये, चक्कर येण्याचा संभव असतो.

ऊ) धोक्याची लक्षणे : कोरडा खोकला वा पायांवर सूज आल्यास गोळी न सोडता डॉक्टरांना दाखवावे, बहुधा पर्यायी औषध देता येते. मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा सुजल्यास गोळी पुन्हा न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा बोबडी वळणे ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

९. पाठपुराव्याची नवी व्यवस्था

ही सूत्रे केवळ रुग्णावर सोपवून चालणार नाहीत. २०१७ च्या अखेरीस जाहीर झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने याची जाण ठेवलेली दिसते. महाराष्ट्रात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा या जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला. मोजकी व ठरलेली औषधे, मात्रा वाढविण्याचा लेखी क्रम, सरकारी दवाखान्यात औषधांचा अखंड पुरवठा, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि तो न आल्यास त्याचा शोध, ही या उपक्रमाची वैशिष्ट्ये होत. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर पुरस्कार मिळाला. गांधीजींच्या रक्तदाबाच्या नोंदी ज्या वर्धा जिल्ह्याशी जोडलेल्या आहेत, त्याच जिल्ह्यात सामान्य रुग्णाची नोंद ठेवण्याचा हा प्रयोग प्रारंभी राबविला गेला. जी दक्षता एकेकाळी एका महापुरुषाच्या वाट्याला आली, ती गावातील प्रत्येक माणसाच्या वाट्याला यावी, हीच खऱ्या अर्थाने सार्वजनिक आरोग्याची वाटचाल होय.

निष्कर्ष

१) रक्तदाबावरील औषधोपचाराच्या विकासात भारताचा, विशेषतः मुंबईच्या डॉ. वकील यांचा वाटा मोलाचा असून त्यांचे मुख्य योगदान परंपरागत अनुभवाला मोजमापाची जोड देण्यात आहे.
२) रेसर्पिनच्या इतिहासावरून असे दिसते की, एकच औषध मात्रा, रुग्णाची निवड व देखरेख यांनुसार उपकारक किंवा अपायकारक ठरते. वनस्पतीजन्य म्हणून कोणतेही औषध आपोआप सुरक्षित होत नाही.
३) औषधाचा लाभ नियमित सेवन करणाऱ्या रुग्णांमध्येच सिद्ध झालेला आहे. बरे वाटते म्हणून औषध बंद करणे हा या विकारातील मोठा धोका होय.
४) चिठ्ठीचे बंधन हे ग्राहकाची अडवणूक नसून रुग्णाचे संरक्षण आहे, मात्र ग्रामीण भागात डॉक्टर व मोजमापाची सोय जवळ असेल तरच ते परिणामकारक ठरते.
५) सेनगावसारख्या तालुक्यात गोळीच्या उपलब्धतेइतकेच दाबाची नोंद, स्थलांतरित मजुरांसाठी पुरेशा औषधांची तरतूद आणि आशा सेविकांमार्फत पाठपुरावा यांना महत्त्व द्यावे लागेल.

समारोप

गृहीतकात म्हटल्याप्रमाणे औषधाची सुरक्षितता केवळ औषधात नसते, हे उपलब्ध ऐतिहासिक पुराव्यांवरून स्पष्ट होते. सर्पगंधेची मुळी शतकानुशतके या देशात होती. ती खऱ्या अर्थाने औषध झाली ती कोणीतरी तिचा परिणाम मोजून लिहून ठेवला तेव्हा. सेनगाव तालुक्यातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या घरात गोळ्यांच्या पट्टीशेजारी तारीखवार दाब लिहिलेली साधी वही दिसू लागेल, तेव्हा हा इतिहास त्याच्या घरापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.